फोडणी की रंग

माणूस बोलायला सुरुवात करताना आधी समोरच्याला काहीतरी म्हणतो. आई, काकू, मावशी, काही नाही तर निदान नाव. मी तुमच्याशी बोलायला बसलोय आणि ती पहिली जागाच माझ्याकडे रिकामी आहे. वर्षाशी माझं लग्न झालं, ईरा झाली, ईरा माझ्या खांद्याच्या वर गेली, आणि एवढ्या वर्षांत मी, तुमचा एकुलता एक जावई, तुम्हाला एकदाही हाक मारलेली नाही.

हे कसं जमवलं ते तुम्हाला सांगायला नको. मी खाकरायचो. कप ओट्यावर जरा जोरात ठेवायचो. तुम्ही समोर बसलेल्या असताना ईराला म्हणायचो, "आजीला विचार, चहा घेणार का?" त्यावर तुम्ही ईरालाच सांगायच्या, "बाबाला म्हनावं, अर्दा कप." मध्ये सापडलेली ईरा तिच्या आयरिश इंग्रजीत दोघांवर करवादायची, "बाबा, शी'ज राइट देअर! जस्ट टॉक टू हर, लाइक!"

कारण काही मोठं नाही. लोकांना वाटेल, मनात काही अढी असणार. नव्हती. पहिल्या वर्षी लाजलो. 'आई' म्हणावं तर माझी स्वतःची आई घरात, तिच्यासमोर जीभ अडायची. 'सासूबाई' म्हणणं नाटकातलं वाटायचं. पुढच्या वेळी बघू, पुढच्या वेळी बघू, असं करता करता इतका उशीर झाला, की आता एकदम हाक मारली तर सगळं घर वळून बघेल अशी धास्ती बसली. शेजाऱ्याचं नाव पहिल्या भेटीत नीट ऐकू येत नाही आणि मग विचारायची सोय राहत नाही, तसं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो नाही, त्याचंही कारण हेच असावं. माणूस कुणालातरी काहीतरी म्हणून रडतो.

तर मला जे सांगायचंय ते ह्या न मारलेल्या हाकेबद्दल आहे. पण ते बंदुकीवरून सांगावं लागेल. आपण दोघं जे काही बोललो, ते त्या बंदुकीपायी.

तुम्ही आमच्या ह्या आयरिश गावात, मलिंगारला आलात त्या थंडी सरता सरता, दोन महिन्यांच्या बोलीवर. गडहिंग्लजकडच्या तुमच्या गावातून निघताना मोहरी, हिंग, कांदा-लसूण चटणी असं सगळं बांधून आणलंत, "तितं काय मिळतंय न मिळतंय" म्हणून. आणि मग विमानं बंद झाली. घरापासून फार लांब जायचीही बंदी आली. दोन महिन्यांची बोली तशीच लांबत गेली.

जिन्याखालच्या लोखंडी कपाटावर तुमची नजर पहिल्याच आठवड्यात गेली होती. भिंतीत बोल्टांनी ठोकलेलं, जाड कुलपाचं.

"सोनं ठिवलंयसा व्हय?" तुम्ही वर्षाला विचारलंत.

"बंदूक आहे, आई. ह्याची. परवाना आहे, गार्डा येऊन कपाट बघून गेलाय."

"गाडा?"

"पोलीस गं."

"पाव्हणं शिकार करत्यात?"

पाव्हणं म्हणजे मी. मी तिथेच पेपर वाचत होतो.

"शिकार नाही. मातीच्या थाळ्या हवेत उडवतात आणि त्या फोडायच्या. खेळ आहे."

"थाळ्या फोडायला बंदूक?" तुम्ही म्हणालात. "आमच्यात सुना हातानं फोडत्यात."

मी पेपर वर धरून हसलो. तुम्ही ते बघितलंत, हे मला पेपराच्या मागूनही कळलं. माझ्या घरात पाहुण्या तुम्ही होतात आणि पाव्हणं मला म्हणायच्या. आणि मी तुम्हाला काहीच नाही.

ती बंदूक म्हणजे एकनळी, माझ्यापेक्षा वयानं मोठी. क्लबातल्या एका म्हाताऱ्याची नजर अधू झाली तेव्हा ती माझ्या परवान्यावर आली. दस्ता चांगला होता, पण नळीवर गंजाचे चट्टे आणि खड्डे. टाळेबंदीत क्लब बंद पडला तेव्हा ठरवलं, हिला घरीच नवा रंग चढवायचा. कारखान्यात माझं काम तेच. हृदयाच्या नसांमध्ये घालायच्या तारांवर आम्ही थर चढवतो, डोळ्याला दिसणार नाही असा. तिथे काचेच्या आड, पांढऱ्या झग्यात. इथे गॅरेजमध्ये, जुन्या टीशर्टात. बंदुकांसाठी एक खास रंग मिळतो, सिरॅमिकची पूड घातलेला. पातळ बसतो, नखानं निघत नाही, पावसात गंजू देत नाही. त्यातला एक प्रकार भट्टीत भाजावा लागतो. नळी आमच्या ओव्हनमध्ये मावणार नव्हती, आणि मावली असती तरी वर्षानं मावू दिली नसती. म्हणून मी हवेत वाळणारा घेतला.

बंदूक सुटी केली. बारीक वाळूच्या फवाऱ्यानं गंज उडवला. नंबर कोरलाय तिथे पट्टी लावली, कारण नंबर रंगाखाली बुजला तर परवान्याला अर्थ नाही. नळीच्या दोन्ही तोंडांत रबरी बूच ठोकले, आत रंग जाता कामा नये. मग हातमोजे घालून अ‍ॅसिटोननं पुसपुसून पुसली. बोटाचा तेलकटपणासुद्धा ह्या रंगाला चालत नाही. तारेनं छताला टांगली, मास्क चढवला आणि फवारा मारला.

रंग फाटला. बघता बघता नळीभर गोल गोल खळगे पडले, प्रत्येकाच्या मधोमध उघडं पोलाद. आमच्या धंद्यात ह्यांना माशाचे डोळे म्हणतात. तुम्ही आतल्या दारातून डोकावलात आणि ईराला म्हणालात, "बाबाला म्हनावं, नळीला देवी आल्यात."

सगळं खरवडून परत केलं. परत देवी. कॉम्प्रेसरला गाळणी लावली, अ‍ॅसिटोन बदललं, फडकी बदलली. परत देवी. कारखान्यात असं झालं असतं तर मी चार जणांना फैलावर घेतलं असतं. इथे फैलावर घ्यायला मीच. शेवटी एका रविवारी, डोळ्यांदेखत रंग फाटत असताना, वैतागून तोंडावरचा मास्क ओढून काढला. त्या मास्कमध्ये कोळसा असतो, त्यातून वास येत नाही. काढला तेव्हा आला. मोहरी, हिंग, लसूण. स्वयंपाकघराकडचं दार किलकिलं होतं, गॅरेजचं मोठं दार सताड उघडं, आणि सगळी हवा तिकडून इकडे ओढली जात होती. तुमच्या फोडणीतलं तेल, डोळ्यांना न दिसणारं, तरंगत येऊन माझ्या पुसलेल्या पोलादावर बसत होतं.

ह्या देशात घरच्या घरी बंदुका रंगवणारे आणखीही असतील. ही वेळ त्यांच्यापैकी कुणावर आली नसणार.

शहाण्या माणसानं स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं असतं. मी रंगाच्या दिवशी त्या दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायला लागलो. काही न बोलता. पट्टी टर्र करून तोडल्याचा आवाज तुम्हाला ओट्यापाशी ऐकू जात असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रंग मात्र त्यानंतर बसला, सुरेख बसला, आणि मी खूश होतो.

मग जेवण बदललं. आमटी वरणासारखी मुळमुळीत. पोहे नुसते भिजवून वाफवलेले. मला वाटलं, तुम्हाला बरं नसेल. विचारलं नाही, अर्थातच. वर्षानं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "हितली मोहरीच तडतडत न्हाई." मोहरी तुमच्याच गावची होती. ईरा म्हणाली, "आजी, द डाळ इज काइंड ऑफ सॅड," आणि तुम्ही "ग्रँड हाय, खा" म्हणून तिला आणखी वाढलीत. 'ग्रँड' तुम्ही तिच्याकडूनच उचलला होता. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात, त्याचं तुमचं 'परेस'ही तिच्याकडूनच.

एका शनिवारी वर्षा गॅरेजमध्ये आली. कंबरेवर हात.

"आई फोडणी का करत नाही, माहितीये तुला?"

"मोहरी तडतडत नाही ना."

"गप. म्हणते, पाव्हण्यांना वास सोसत नाही, दाराला पट्ट्या लावतात. लेकीच्या घरात राहायचं तर जावयाच्या नाकानं राहावं लागतं, म्हणते. स्वतःच्या पानातसुद्धा फोडणी घेत नाहीये ती. काय बोललास तू तिला?"

"काहीच नाही."

"तेच ना!"

मी तसाच हातमोज्यांसकट आत आलो. तुम्ही ओट्याशी पाठमोऱ्या होतात. मी खाकरलो. म्हणालो, "ते... म्हणजे, तेल उडतं ना... ते रंगावर... वासाचं काही नाही. वास चांगला असतो." तुमच्याशी सलग इतकं मी कधी बोललो नव्हतो.

तुम्ही वळलात. "म्हंजी माजी फोडनी उडत जाऊन तुमच्या बंदुकीवर बसायलीया?"

"हो."

"आनि म्हनून तिला देवी?"

"हो."

तुम्ही इतक्या हसलात की ओट्याला धरावं लागलं. मग पदरानं डोळे टिपत म्हणालात, "एवडंच व्हतं तर तोंडानं सांगायचं की वो, पाव्हणं. मी काय मानसं खातीया? आनि हे 'ते, ते' काय लावलंय? म्हस हाकल्यागत. आक्का म्हना मला. सगळा गाव म्हनतोय. फुकट हाय."

मी म्हणालो, "हो."

आक्का नाही. हो. आणि पाठ फिरवून गॅरेजमध्ये गेलो.

त्यानंतर रोज सकाळी तुमचा एक प्रश्न असायचा, थेट मला, ईराला मध्ये न घालता. "पाव्हणं, आज फोडनी का रंग?" मी 'फोडणी' म्हटलं तर घरभर तडतड. 'रंग' म्हटलं तर दहीभात, नाहीतर भाकरी आणि ठेचा. आता कबूल करतो, कितीतरी दिवस रंगवायला काही नसायचं, तरी मी 'रंग' म्हणायचो. एखादा स्क्रू घासत बसायचो, वाळलेला भाग पुन्हा पुसायचो. कारण रंगाच्या दिवशी तुम्हाला स्वयंपाकघरात काम नसायचं आणि तुम्ही गॅरेजच्या मोठ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. लुगड्यावर ईराच्या शाळेचं जुनं फ्लीसचं जाकीट, पायांत वर्षाचे लोकरी मोजे.

फवारा मारायच्या यंत्रालाही इथे गनच म्हणतात, हे ईराकडून कळल्यावर तुम्ही म्हणालात, "बंदुकीला बंदुकीनंच रंगवायलाय व्हय? मंग पैली बंदूक कुनी रंगवली?" ह्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

तुम्ही बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या गोष्टी सांगायच्या. बैलांची शिंगं तासायची, मग तांबडा हिंगूळ लावायचा. शिंगाला आधी तेलाचा हात दिला की रंग झळकतो, तसा नळीलाही द्यावा, हा तुमचा हट्ट.

"तेल दिलं तर रंग बसणारच नाही," मी म्हणालो.

"आमच्या बैलांचा बसत व्हता."

"टिकायचा किती?"

"बैल चिखलात शिंग घालंपातूर."

"मग?"

"मंग काय मंग? बेंदूर तर झाला की!"

आणि नळीचा रंग काळा असावा, ह्यावर तर आपलं कधी जमलंच नाही. "काळी कशापायी? लपवायची हाय व्हय? हिंगूळ मारा. लांबनं दिसली की मानूस हुशार व्हतोय." मी म्हणायचो, पोलाद पोलादासारखं दिसावं. "मंग रंग तरी कशाला देताय?" तुम्ही म्हणायच्या. हा वाद तसाच राहिला. तुमचा मुद्दा बिनतोड होता, एवढं आता लिहून ठेवतो. तेव्हा मी फक्त मास्क वर चढवायचो. बोलणं टाळायला मास्कसारखं साधन नाही.

उन्हाळ्यात बंधनं सैल झाली तेव्हा क्लबातला डेक्लन स्वतःची बंदूक घेऊन आला. इथे दुसऱ्याची बंदूक आपल्याकडे ठेवून घेता येत नाही, मालक सोबत लागतो. म्हणून मी काम करेपर्यंत आणि रंग वाळेपर्यंत तोही ड्राइव्हवेवर, तुमच्यापासून अंतर राखून, दुसऱ्या खुर्चीत बसला. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "तुझ्या सासूबाईंना मी काय म्हणायचं?" मी उत्तर जुळवतोय तोवर तुम्ही आपल्या छातीला हात लावून म्हणालात, "आक्का."

"अ‍ॅका," डेक्लन म्हणाला. "ग्रँड डे नाऊ, अ‍ॅका."

"ग्रँड हाय," तुम्ही म्हणालात.

इतकं सोपं. पहिल्या चहाच्या आधी. मी नळीकडे तोंड करून पुसत राहिलो आणि त्या भल्या माणसाचा मला राग आला. दिवसभर तो 'अ‍ॅका' म्हणत होता, तुम्ही त्याला लाडू देत होतात, आणि तुम्ही मधूनच माझ्याकडे बघायच्या. हसून. चिडवत नव्हतात तुम्ही. वाट बघत होतात. ते कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो, हे जास्त वाईट.

नवरात्रात परत सगळं बंद झालं. मी माझ्या नळीवर नवा थर दिला होता. हाताळून घासल्या गेलेल्या जागा नीट करायच्या होत्या. हा हवेत वाळणारा रंग वरून लवकर वाळतो, पण आतून बरेच दिवस मऊ असतो. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. खंडेनवमीला वरच्या खोलीत माझी मीटिंग चालली होती. ती संपवून खाली आलो तर गॅरेजमध्ये सगळ्यांना हळदकुंकू. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, कॉम्प्रेसर, वर्षाचा लॅपटॉपसुद्धा आणून ठेवलेला. प्रत्येकापुढे बागेतलं एकेक फूल. आणि टांगलेल्या नळीवर, अगदी मधोमध, तुमचं बोट रुतलं होतं. हळदीचा ओला ठसा, बोटाच्या रेघांसकट.

तुम्ही बाजूलाच उभ्या होतात. जरा संकोचून म्हणालात, "मानसाला आमी लावायचं न्हाई म्हनत्यात. हत्याराला कोन काय म्हनंल?"

तुमचे यजमान गेल्यापासून तुम्ही कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. हे वर्षानं मला नंतर सांगितलं. पण तिनं सांगायलाच हवं होतं असं नाही. ते वाक्य ऐकून कुणालाही कळलं असतं. मी मात्र ठशाकडे बघत होतो. आणि इतके महिने थेट बोलल्यावर मी परत ईराकडे वळलो. "आजीला सांग, ओल्या रंगाला हात लावायचा नसतो."

ईरानं नाही सांगितलं. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. तुम्ही नळीपुढचं फूल उचललंत आणि आत गेलात.

मग मी काम नीट केलं. पॉलिशपेपरनं तो ठसा घासला, भोवतालचा थर उतरवला, पुसली, पुन्हा फवारली. आता ती नळी बघा, कुठे काही नाही. मी हल्ली कपाट उघडून ती उजेडात तिरकी धरतो, एखादी रेघ तरी राहिली असेल म्हणून. नाही राहिली. इतकं चोख काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली यायला घाबरत होतो. तुम्ही चहा गाळता गाळता विचारलंत, "पाव्हणं, आज फोडनी का रंग?" जणू काही झालंच नव्हतं. तेवढ्या एका वाक्यासाठी मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "फोडणी." तुम्ही मान हलवलीत. कळलं तुम्हाला. तुम्हाला माझं न बोललेलं कळायचं, म्हणून तर मी न बोलता राहू शकलो.

नाताळानंतर आजार घरात आला. आधी वर्षाला, मग तुम्हाला. तुम्हाला इथल्या इस्पितळात नेलं. आम्हाला कुणाला आत सोडणार नव्हते. वर्षा तापानं वर झोपलेली. दुपारी फोन आला तो मी घेतला. नर्सचा आवाज मायाळू होता. तुम्ही सारख्या गुंगीत आहात, हाक मारून जाग्या होताय का बघायचंय, असं ती म्हणाली. आणि मग तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना काय म्हणता?"

उत्तर मला माहीत होतं. ते आयरिश जिभेला जमतं, हेही माहीत होतं. पण तो शब्द मी कधी उच्चारलेला नव्हता. आणि तो पहिल्यांदा काढायचा तो फोनवर, अनोळखी बाईच्या हातात, तिनं तुमच्यापर्यंत नेऊन द्यावा म्हणून. ती म्हणाली, "हॅलो? आहात ना?" मी म्हणालो, "इंदुमती."

पासपोर्टवरचं नाव. शाळा सुटल्यापासून त्या नावानं तुम्हाला कुणी बोलावलं नसेल.

ती दुपार, ती रात्र आणि दुसरी सकाळ तिथली माणसं तुमच्या कानाशी 'इंडुमॅटी, इंडुमॅटी' म्हणत राहिली. परकं ठिकाण, परकी भाषा, तोंडं झाकलेली माणसं, आणि त्यात नावही परकं. मी परत फोन करू शकलो असतो. फोन हातात घ्यायचो आणि वाटायचं, आता काय सांगू? काल विचारलंत ते चुकीचं सांगितलं? का चुकीचं सांगितलं? ह्याचं उत्तर इंग्रजीत कसं द्यायचं ते मला माहीत नव्हतं. मराठीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्षा उठून बसली आणि तिनं स्वतः फोन लावला. नर्स म्हणाली, "त्या नावाला काहीच दाद देत नाहीत. कमी ऐकू येतं का त्यांना?"

"कुठल्या नावाला?" वर्षानं विचारलं. आणि ते कळल्यावर म्हणाली, "कागदावरून घेतलं असेल तुम्ही. आक्का म्हणा. फक्त आक्का."

मी शेजारी उभा होतो. फोन स्पीकरवर होता. लांबून, मास्कच्या आतून, तिचा आवाज आला, "अ‍ॅका? अ‍ॅका?" मग ती परत फोनवर आली, अगदी आनंदून. "डोळे उघडले त्यांनी! आणि 'ओ' म्हणाल्या. कसलंतरी नवल वाटल्यासारख्या."

नवल नव्हतं ते. तुम्ही ओ दिली होतीत. कुणी हाक मारली की देतात ती.

संध्याकाळी त्या भल्या बाईनं फोन तुमच्या कानाशी धरला. वर्षा बोलली, ईरा बोलली, तीही चक्क मराठीत. मग फोन माझ्या हातात आला. मी म्हणालो, "बरं वाटतंय का?" तेवढंच. पुढे नाही, मागे नाही.

"कोन, पाव्हणं?"

"हो."

"ग्रँड हाय," तुम्ही म्हणालात. मग बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणालात, "जेवलासा?"

त्यानंतर तुमच्याशी बोलणं झालं नाही.

तुम्हाला मुलगा नाही, म्हणून विधी मी केले. गुरुजी पुण्याहून लॅपटॉपवर. त्यांनी गोत्र विचारलं, नाव विचारलं, नातं विचारलं, आणि म्हणाले, "माझ्या पाठोपाठ म्हणा, अस्मत् श्वश्रू." मी म्हणालो. तुम्हाला उद्देशून 'सासू' ह्या नात्याचा शब्द माझ्या तोंडून निघाला तो असा, संस्कृतात, कुणीतरी पढवल्यावर. बाजूला उभ्या ईरानं हळूच विचारलं, "श्वश्रू म्हणजे काय?" मराठीत विचारलं तिनं. मी म्हणालो, "आजी."

आज हे लिहीत बसलो होतो तर वर्षा दारात आली.

"कुणाला लिहितोयस एवढं?"

"आक्कांना."

बोलून गेलो. ती चौकटीला टेकली.

"काय म्हणालास?"

मी परत म्हणालो. आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबता आलं नाही. इंदुमती कागदावरून घेतलेलं नव्हतं, ते मी सांगितलं होतं, हे तिला सांगितलं. माहीत असून सांगितलं, हेही. तिचा चेहरा बघवेना म्हणून मी खिडकीकडे बघत राहिलो. "तू म्हणजे ना," ती म्हणाली, आणि ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही. मला वाटलं, आता जाईल. गेली नाही. नाक पुसून म्हणाली, "आणि 'आक्कांना' काय? गावात आईला कुणी अहोजाहो केलं नाही. शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे 'ए आक्का'. तेवढं तरी नीट म्हण."

"मी जावई आहे."

"मग बस जावई होऊन," ती म्हणाली आणि खाली गेली.

तिची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत मी थांबलो. मग म्हणून बघितलं. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही, दुसऱ्यांदा निघाला.

ए आक्का.

थांब जरा, जाऊ नकोस. हाक मारून झालीय, पुढचं जुळवतोय.